तीस सप्टेंबरचा पट

अंगठा आधी दाबला गेला आणि नाव तिनं नंतर वाचलं. सकाळचे सात वीस झाले होते. राजसच्या सोलापुरातल्या इंग्लिश शाळेच्या फाटकापाशी रिक्षा, स्कूट्या आणि पिवळ्या व्हॅन एकमेकींत अडकून पडल्या होत्या, राजसनं नेहमीप्रमाणं तिच्या ओढणीचं टोक मुठीला गुंडाळून घेतलं होतं, त्याची पाण्याची बाटली तिच्या काखेत होती आणि मोबाइलवर, ती शिकवत होती त्या शाळेच्या पोर्टलचा लाल ठिपका उगवला होता. लाल ठिपका दिसला की तो पुसून टाकल्याशिवाय ज्ञानदाला चैन पडत नसे. गॅसचं बटण दोनदा बघणं, झोपलेल्या राजसच्या नाकाशी बोट धरून बघणं, तसंच हेही. आलेल्या विनंत्या त्याच दिवशी निकाली काढा, असं केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर आठवड्यात तीनदा टाकलं होतं. तिनं एका हातानं पान उघडलं, हिरव्या चौकोनात 'मान्य' लिहिलेलं दिसलं, दाबलं. आणि मग वाचलं. महादेवी बिरू कोळेकर, इयत्ता चौथी, दुसऱ्या शाळेकडे हस्तांतरण.

"आई, बॉटल," राजस म्हणाला.

तिनं बाटली दिली. ओढणी सोडवून घेतली. फाटकावरच्या मावशींनी त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर बघितला, सत्तेचाळीस, आणि त्याला आत ओढून घेतलं. रोज तो आत जाताना दोनदा मागं वळून बघतो आणि दोनदा ती हात करते. आज त्यानं बघितलं की नाही हे तिला कळलंच नाही. ती पडद्यावर बोट खालीवर करत होती, कुठं 'परत घ्या' असं काही आहे का ते शोधत होती. नव्हतं. मागचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, जरा साइडला घ्या की, लई गर्दी हाय." तिनं स्कूटी साइडला घेतली आणि साइडलाच उभी राहिली. आज एकोणतीस सप्टेंबर. तीस सप्टेंबरला पट मोजला जातो. त्या दिवशी हजेरीवर जितकी नावं, तितकी शाळा. कोळेकर वस्तीच्या शाळेत काल वीस नावं होती, आणि यंदा निघालेल्या पत्रात वीसच्या खालच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडायच्या असं लिहिलं होतं. विसाच्या खाली म्हणजे एकोणीस. एकोणीस ती आत्ता, बाटली काखेत धरून, करून बसली होती.

विजापूर रस्त्याला लागल्यावर ट्रकांच्या मागची धूळ डोळ्यांत जाऊ लागली आणि तिला बरं वाटलं, डोळ्यांत पाणी यायला एक कारण मिळालं. मंद्रूपच्या पुढं आत वळून कच्च्या रस्त्यानं गेलं की कोळेकर वस्ती. सात वर्षं ती या रस्त्यानं जात होती. राजस पोटात असतानाही साडेआठ महिन्यांपर्यंत गेली होती. तेव्हा पट सदतीस होता. मग एकतीस, सव्वीस, तेवीस. दरवर्षी जुलैत ती घरोघर जाऊन शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करत असे, आणि फॉर्ममध्ये मावत नाही ते मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवत असे, का कोण जाणे. कुणी विचारलेलं नव्हतं. यंदा तिनं लिहिलं होतं : उंबरे एकसष्ट, त्यांतले तेवीस कुलूपबंद. पंधरा घरांत फक्त म्हातारी माणसं. सहा वर्षांखालची मुलं चार. लग्नाची वाट बघत चाळिशीकडं झुकलेले मुलगे अकरा. पुण्यात ड्रायव्हर आठ, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पाच, पोल्ट्रीवर तीन. मेंढरं सहाशेच्या वर होती ती दीडशे. हे लिहिताना तिला वाटायचं की आपण कुणाची तरी नाडी धरून बसलोय आणि ठोके मोजण्यापलीकडं आपल्याला काही येत नाही.

त्या अकरांपैकी एकजण कट्ट्यावर बसून बिडी ओढत होता. ती फॉर्म घेऊन आलेली बघून म्हणाला, "बाई, माजं बी नाव लिवा की साळंत. पट वाढंल, आन माजाबी वकुत जाईल." सगळे हसले, तीही हसली. शेजारचा म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "नव्या पोराचं नाव कुटनं लिवतील त्या? पोर व्हायला आदी सून पायजे, सून यायला पोरगं पुन्यात पायजे, आन पुन्यात गेल्यावर पोर हितं कशाला व्हईल?" हे इतकं चोख होतं की तिला फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात ते घालता आलं नाही. पुढच्या घरी नवरा-बायकोनं दोन मुलांसाठी सोलापुरात खोली घेतली होती. बाई तिकडं मुलांबरोबर, बाप इकडं तुरीत. खोली कशासाठी, तर शाळेसाठी. आणखी पुढच्या घरची दोन मुलं पिवळ्या व्हॅननं मंद्रूपच्या इंग्लिश शाळेत जात. त्यांच्या आईनं तिला पाणी दिलं, पदरानं वारा घालत समोर बसली आणि अगदी सहज, कौतुकानं विचारलं, "बाई, तुमचा कुटं जातो?" ज्ञानदा पाणी प्यायली. कारणाच्या रकान्यात तिनं 'पालकांची पसंती' लिहिलं, आणि लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा जास्त वळणदार आलं.

महादेवीच्या घराला मात्र तिनं कुलूप लिहिलं नव्हतं. बिरूची आई मायाक्का त्या घरात होती, आणि मायाक्काच शाळेत खिचडी शिजवायची. बिरू मागच्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन, बायको-पोरीला घेऊन, नेहमीसारखा गेला होता. दरवर्षी अशी जाणारी मुलं सहा-सात महिने शाळेबाहेर पडायची, आषाढात परत यायची तेव्हा वाचायला विसरलेली असायची. मागच्या वर्षी ज्ञानदानं ठरवलं की महादेवीचं तसं होऊ द्यायचं नाही. तिनं शिक्षण हमी कार्ड भरलं. हे कार्ड कुणी भरत नाही. गठ्ठा केंद्रातून येतो आणि कपाटात पिवळा पडतो. तिनं भरलं, महादेवीचा फोटो चिकटवला, काय येतं काय येत नाही ते बारीक अक्षरांत लिहिलं, शिक्का मारला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बिरूच्या हातात दिलं आणि तीनदा बजावलं, "जिथं थांबाल तिथल्या शाळेत हे दाखवा. बसवून घेतील." बिरूनं ते कार्ड मुंडाशाच्या घडीत ठेवलं, जपून. मेंढरं पुढं इंदापूरकडं गेली, रोग आला, निम्मी मेली, उरलेली त्यानं विकली आणि तिथंच एका पोल्ट्रीत कामाला राहिला. आषाढ गेला, गणपती गेले, घटही बसले. नाव हजेरीवर राहिलं. येतील, येतील, असं मायाक्का म्हणायची. ज्ञानदा रोज महादेवीच्या नावापुढं गैरहजेरीचा शून्य काढायची आणि पटाच्या बेरजेत तिला धरायची. सगळ्याच शाळांत अशी दोन-चार नावं असतात, सैल पडलेल्या दातासारखी. जीभ लावायची नाही, एवढंच.

शाळेत पोचली तेव्हा परिपाठ चालू होता. पाठमोरी मुलं रांगेत उभी होती, आणि तिनं स्कूटी लावता लावता, नेहमीच्या सवयीनं, चेहरे न बघता ओळखली. डावा खांदा पाडून उभा तो भिमा. वेणीला दोन रंगांच्या फिती ती शिवम्मा. एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा भार बदलणारा तिचा भाऊ. एकोणीस पाठी. अंधारात नुसतं खोकले तरी तिनं सांगितलं असतं कोण ते.

हेडमास्तर विरूपाक्ष गुरुजी अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"मंजूर झालं म्हणता."

"माझ्याच्यानंच झालं, सर. फाटकात उभी होते, राजस ओढत होता, मला वाटलं..."

"पोर तिकडं शाळंत जाते न्हवं?"

"हो. कार्ड दाखवलं असणार बिरूनं."

"मग चूक काय म्हणायची तुमची? कार्ड तुम्हीच दिलतं. चांगलं दिलतं." त्यांनी चष्मा घातला आणि तिच्याकडं न बघता मैदानाकडं बघितलं. "इतकं नीट करायचं नसतं, मॅडम. थोडं ढिलं सोडायचं असतं. आमच्या काळात साहेब यायचा म्हटलं की शेजारच्या वस्तीवरची पोरं आणून बसवायचो. त्यांच्याकडं साहेब गेला की आमची पोरं तिकडं. एकदा तर एका पोरानं साहेबाला सांगितलं, मी तुमाला काल बी भेटलोय. साहेब हसला, चहा प्याला, गेला. आता आधारला आधार जुळतो. एक पोर एकाच ठिकाणी."

"आता काय करायचं?"

"उद्या पाचपर्यंत एक नाव भरायचं. खरंखुरं. कुठलं तरी."

कुठलं तरी म्हणताना ते थांबले नाहीत, तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं घाईघाईनं म्हटलं, "मी तिकडच्या शाळेत फोन करून बघते."

फोन उचलला तो आवाज तरुण होता, तिच्याच वयाचा असावा, मागं मुलांचा पाढ्यांचा गजर. तिनं ओळख सांगितली, विनंती केली. दोन दिवसांसाठी, सर, फक्त दोन दिवसांसाठी तिचं नाव परत पाठवा, तीस तारीख गेली की मी स्वतः मान्य करून देते. पलीकडं तो दाराबाहेर आला असावा, पाढे लांब गेले.

"मॅडम, तुमचं कार्ड बघितलं मी. असं कार्ड मी कधी बघितलं नव्हतं. तिला भागाकार कच्चा आहे हेसुद्धा लिहिलंय तुम्ही. पण माझ्याकडंही एकोणीसच होते हो. तिला धरून वीस झाले. मीच गेलो होतो पोल्ट्रीवर, तिच्या वडिलांना चारदा भेटलो."

तिला त्याचा राग यावा असं वाटत होतं आणि तो येत नव्हता. दोन टोकांना दोघंजण, मध्ये एक नऊ वर्षांची मुलगी. तो म्हणाला, "बोलता का तिच्याशी? आहे इथंच." आणि मग महादेवीचा आवाज आला, मोठा, फोनमध्ये ओरडायची तिची सवय तशीच.

"बाई, मी महादेवी."

"हो गं. कशी आहेस?"

"बरी हाय. हितं बेंच हाय बसायला. आन बाई, माजं ताट हाय न्हवं तितं? दुसऱ्याला दिऊ नका. आजीला सांगा."

"नाही देत."

"भागाकार येतोय मला आता," ती म्हणाली, आणि फोन कट झाला का तिनंच ठेवला ते कळलं नाही.

ताटं ज्ञानदानंच आणली होती, महादेवी पहिलीत आली त्या वर्षी, आणि मंद्रूपच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी बसून प्रत्येकावर मुलाचं नाव घालून घेतलं होतं, टिंबाटिंबांनी, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. शाळा सोडून गेलेल्याच्या ताटावरचं नाव खोडता येत नाही म्हणून पुढं नव्या मुलाला जुन्याचं नाव खावं लागे. त्यावरून पोरं एकमेकांना चिडवायची, तू आज भिमाच्या थोरल्या भावाच्या ताटात जेवला म्हणून. महादेवीचं ताट पहिलीपासून तिचं होतं, मायाक्का ते कुणाला देत नसे. दुपारी खिचडी वाढून झाल्यावर मायाक्का चुलीपाशी बसून ते ताट राखेनं घासत होती. कुणी जेवलेलं नव्हतं त्यात. ज्ञानदानं तिला सांगितलं. सगळं सांगितलं, अंगठ्याचंही.

मायाक्कानं मान हलवली. नात तिथं शाळेत जाते हे ऐकून तिचा चेहरा आधी सैल झाला, आणि शाळा बंद होणार हे नंतर त्याच चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. "म्हंजी हितली पोरं तितं मोट्या साळंत जानार. हायवे वलांडून."

"साडेचार किलोमीटर. गाडीची सोय करतील म्हणतात."

"करत्याल की," मायाक्का म्हणाली. "शिवम्माचा बाप पोरीला गाडीत बसवल व्हय? घरी बसवल." तिनं ताटावर पाणी ओतलं. टिंबाटिंबांचं नाव लख्ख झालं. "बाई, तुमचं ल्येकरू किती वर्साचं म्हनला?"

"सहा."

"म्हंजी पयलीत."

"हो."

"नुस्तं नाव द्या की. पोराला आना म्हनत न्हाय मी. नाव तेवडं हितं राहू दे, पोर राहू दे तुमच्यापाशी."

नुसतं नाव देता येत नाही आता, ज्ञानदा म्हणाली, तिथलं काढल्याशिवाय इथं लागत नाही. मायाक्कानं हे ऐकलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं चुलीतल्या धुरासारखं दोघींच्या मध्ये बसून राहिलं. कारण पुढचं वाक्य दोघींनाही येत होतं. मग त्यालाच आणा. सकाळी साडेसातला स्कूटीवर पुढं उभा करायचा, कानाला रुमाल बांधायचा, धुळीतून आणायचा. ती खरोखर तसं बघू लागली. राजस रांगेत उभा आहे, भिमाच्या मागं. राजस मांडी घालून बसलाय, ताटात खिचडी, ताटावर दुसऱ्या कुणाचं नाव. राजस 'न्हाय' म्हणतोय, 'हाय' म्हणतोय, संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंसमोर 'कुटं' म्हणतोय. त्याला बालदमा आहे, तिनं लगेच स्वतःला आठवण करून दिली, पंप लागतो. पण डॉक्टर म्हणाले होते, भवानी पेठेत घरामागच्या मागाच्या सुताच्या धुळीपेक्षा बाहेरची हवा मिळाली तर बरंच. मग तिनं दुसरं कारण शोधलं. इथं शिकवणं चांगलं नाही? शिकवत तीच होती. इथल्या पहिलीतली मुलं जोडशब्द वाचतात; राजसला इंग्रजीतलं आणि मराठीतलं दोन्ही अर्धं अर्धं येतं, वर्गात चोपन्न मुलं आहेत, मिस त्याला नावानं ओळखत नाहीत. सगळी कारणं एकेक करून तिच्या हातातून गळून पडली, आणि ती सगळी गळून पडल्यावरही खाली जे उरलं ते तसूभर हललं नाही. त्याला नाव नव्हतं. ते फक्त म्हणत होतं, माझा नाही. इतरांचे चालतील. माझा नाही.

घरी गोदावरीबाई, तिच्या सासूबाई, घटाला माळ घालत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणं म्हणाल्या, "तू जातेस ना तिथं रोज? मग पुरे की. घरातल्या सगळ्यांनी जायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?" तिचा नवरा अद्वैत पुण्यात कंपनीत होता, एक शनिवार सोडून एक शनिवारी यायचा. फोनवर तो हसला, मग ती गंभीर आहे हे कळल्यावर हसायचा थांबला. "अगं, काहीतरीच काय. आपण तरी इथं किती दिवस आहोत? पुढच्या जूनपर्यंत मी तुम्हाला पुण्यालाच आणतोय. ॲडमिशनचं बघून ठेवलंय मी. तुझी बदली होईल, नाहीतर सोड." खिडकीतून मागच्या गल्लीतल्या मागाचा आवाज येत होता. ती लग्न होऊन आली तेव्हा गल्लीत नऊ ठिकाणी माग होते, आवाजाला भिंत असायची. आता एकच, आणि तो मधेमधे थांबायचा. तिला वाटलं, कुणीतरी बाई फॉर्म घेऊन या पेठेतही फिरत असेल. घर नंबर अमुक, पुरुष पुण्यात, सून आणि मूल पुढच्या जूनला. म्हातारी एकटी. कारण : इतर. राजस तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला होता. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजले. एका मिनिटात बावीस. ठीक होतं. पुन्हा मोजले.

तीस तारखेला ती नेहमीसारखी शिकवत राहिली. सकाळी वस्तीवर चार घरी जाऊन आली, पिवळ्या व्हॅनवाल्या आईनं पुन्हा पाणी दिलं, म्हणाली, "फी भरून बसलोय की ओ बाई, आता कसं काडनार?" आणि या वेळी, दया आल्यासारखं, तुमचा कुठं जातो हे विचारलं नाही. चार वाजता मुलं सोडली. ती मुद्दाम ओट्यावर उभी राहून बघत राहिली, पाठी लांब जाईपर्यंत. मग आत येऊन खुर्चीत बसली आणि तिनं पोर्टल उघडलं. 'अन्य शाळेतून विद्यार्थी मागवा.' राजसच्या शाळेचा अकरा अंकी सांकेतांक तिला पाठ होता, त्याचा आधार नंबरही पाठ होता, त्याच्याबद्दलचं सगळंच तिला पाठ असायचं. एकेक चौकट भरत गेली. राजस अद्वैत. इयत्ता पहिली. मातृभाषा मराठी. घर ते शाळा अंतर : तिथं तिचं बोट थांबलं आणि मग तिनं सत्तावीस लिहिलं. खाली हिरवा चौकोन आला, 'पाठवा.' चार एकेचाळीस.

विरूपाक्ष गुरुजी पलीकडच्या टेबलाशी शेरेबुकात काहीतरी लिहीत होते, किंवा लिहीत नव्हते. दारात मायाक्का आली, ओले हात लुगड्याला पुसत, आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता आणि बाहेर कुणाची तरी एक मेंढी ओरडत होती. ज्ञानदाला वाटलं, काल या अंगठ्याला काहीच जड नव्हतं. काल तो कुणाच्या पोरीवरनं फिरला तेव्हा तिला नाव वाचायचीसुद्धा गरज वाटली नाही. आज नाव वाचत होती. राजस. राजस. वाचून वाचून ते कुणा दुसऱ्याचं नाव असल्यासारखं दिसू लागलं, तरी अंगठा खाली गेला नाही. पावणेपाच. मुलांच्या पाठी तिला दिसत होत्या, हायवेच्या कडेला थांबलेल्या, आणि त्यांत दोन रंगांच्या फितींची वेणी नव्हती. ती बघत होती, तिला कळत होतं, आणि कळण्याचा काही उपयोग होत नव्हता. एक दाबायचं, बस. उद्या सकाळी त्याला समजावता येईल, सासूबाईंना सांगता येईल, अद्वैत दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. चार अठ्ठावन्न. पडदा मंद झाला, तिनं बोट लावून तो जागा केला, आणि तेवढंच केलं. पाच वाजून एक मिनिटानं चौकोनाचा हिरवा रंग गेला, राखाडी झाला.

"झालं का बाई?" मायाक्कानं विचारलं.

"नेट गेलंय, मायाक्का."

तिच्या हातातल्या फोनवर रेंजच्या चारही कांड्या भरलेल्या होत्या. विरूपाक्ष गुरुजी खुर्चीतून उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांना पडदा दिसला असणार. ते खाकरले.

"जाते हितं रेंज," ते मायाक्काला म्हणाले. "ढग आले की जाते." बाहेर ढग नव्हते.

"मग काय इलाज," मायाक्का म्हणाली. "तुमी लई केलासा, बाई. तुमी तर केलंच." ती आत गेली आणि भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. ज्ञानदा निघाली तेव्हा मायाक्कानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी स्कूटीच्या हुकाला पिशवीत अडकवलं. "महादेवीचं ताट हाय. हितलं समदं आता मोट्या साळंत नेत्याल, त्यात कशाला जाऊ दिऊ. तुमच्यापाशी राहू द्या. तुमी त्या गुरुजीला वळकता, द्या पोचवून कवातरी." मग जरा वेळानं, "न्हाय जमलं तर तुमच्या पोराला घ्या जेवायला. चांगलं जाड हाय."

सत्तावीस किलोमीटर ते ताट वाजत राहिलं. खड्ड्याला एकदा, गतिरोधकाला दोनदा, सिग्नलला गाडी उभी असतानाही इंजिनाच्या थरथरीनं बारीक, किणकिण. तिनं एकदा थांबून पिशवीला ओढणीची गाठ मारली. तरी वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सात वीसला ती पुन्हा फाटकापाशी होती. तोच गुंता, तेच हॉर्न. राजसनं ओढणीचं टोक धरलं नाही. समोर त्याच्या वर्गातला एक मुलगा दिसला आणि तो 'आई, बाय' म्हणून तिच्या हातातून निसटला, मावशींच्या हाताखालून गेला. त्याची बाटली तिच्या काखेतच राहिली. तिनं हाक मारली, पण हॉर्नमध्ये ती तिलाच ऐकू आली नाही. आत शे-दीडशे मुलं रांगेकडं चालली होती, सगळ्यांच्या पाठीवर त्याच निळ्या बॅगा, सगळ्यांचे तेच पांढरे मोजे, मानेवर तेच बारीक कापलेले केस. मावशींनी विचारलं, "कुठला तुमचा? सांगा, बाटली देते त्याला." ज्ञानदानं फाटकाच्या गजांना चेहरा लावला आणि बघत राहिली, एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर. डावा खांदा पाडून कुणी उभं नव्हतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर कुणी भार टाकत नव्हतं. "ओ ताई, कुठला?" मावशींनी परत विचारलं, आणि ती बाटली पुढं धरून तशीच उभी राहिली, कारण तिला सांगता येत नव्हतं.